कानाशी हलवून घेतलेला चार्जर

बोला — ज्याच्या कृपेनं हा दिवा, हा माईक आणि माझं हे म्हातारं नरडं अजून चालू आहे, त्या नारायणाचा विजय असो! ... अहो, मोठ्यानं! प्रसादाच्या रांगेत येतो तसा आवाज येऊ द्या! — हां, आता पोचला.

मंडळी, ऐका. आज जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. लिहून देतो! पण एक सांगतो — यातलं एक जरी वाक्य खोटं निघालं, तर हे खांद्यावरचं उपरणं या देवाच्या पायरीवर ठेवीन, गप्प खाली येईन आणि तुमच्यात मांडी घालून बसेन. पेटीवाले गुंडोपंत साक्षीला आहेत. गुंडोपंत, झोपू नका!

आता प्रश्न असा, की माणूस फसतो कशानं? जे त्याला येत नाही त्यानं? की जे फार चांगलं येतं त्यानं?

बघा, लगेच माना हलल्या! "येत नाही त्यानं, बुवा!" थांबा हो. एवढं सोपं असतं तर मी घरी झोपलो नसतो का?

कोंडसुरे नावाचं गाव आहे. खाडीच्या अलीकडचं. नारळी-पोफळीत इतकं बुडालेलं, की दुपारी बाराला घड्याळ बघायला कंदील लागतो! — का हसता? जाऊन बघा. त्या गावात मथुताई पोंक्षे. आई लवकर गेली, तेव्हा पाठचा भाऊ विनू एवढासा होता. मथुताईनं त्याला न्हाऊ-माखू घातलं, शिकवलं, आणि शिकवलं ते इतकं, की तो थेट कॅनडात जाऊन बसला. आपली हीच तर तऱ्हा आहे! चांगलं शिकवलं की पोर लांब जातं, आणि नाही शिकवलं तर ओटीवरून उठत नाही!

तर त्या विनूला, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, मुलगी झाली. मथुताई आत्या झाली!

आणि बारशाला आत्या लागतेच, मंडळी. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगायचं ते आत्यानं. आणि ती वाकली की मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मान आत्याचा आणि मारही आत्यालाच! विनूचा निरोप आला, "ताई, व्हिडिओ कॉलवर का होईना, नाव तूच सांगायचं. कोणतं ते तूच ठरव. आणि आम्हाला आधी सांगू नकोस. पहिल्यांदा तिच्या कानात पडू दे, मग आमच्या."

म्हणजे बघा! पोरीचं नाव त्या क्षणी जगात एकाच ठिकाणी होतं. मथुताईच्या पोटात. ते तिथून निघून सात समुद्रापार एका इवल्याशा कानात जायचं होतं, आणि वाट एकच. तो टॅब! विनू मागच्या खेपेला देऊन गेला होता. पाटीएवढा, मथुताईच्या चष्म्याला झेपेल असा.

आणि बारसं चार दिवसांवर आलं असताना उंदरानं चार्जर खाल्ला.

आता उंदीर म्हणजे गजाननाचं वाहन, त्याला काही बोलायची सोय नाही. वाहन आहे, त्याला काहीतरी घालावं लागणारच! पण याला पेट्रोल नको, याला मथुताईचा चार्जर पाहिजे! वायर तर वायर, डबीचाही कोपरा पोखरला.

मथुताईनं टॅब उघडून बघितला. वरच्या कोपऱ्यात बॅटरीची रेघ उरलेली, लाल, नखाएवढी. पटकन बंद केला, मऊ फडक्यात गुंडाळला आणि देवघरात ठेवला. आणि त्या दिवसापासून ती देवघरात कुजबुजत बोलायला लागली! का? तर मोठ्यानं बोललं तर उरलेली बॅटरी उडून जाईल!

तुम्ही म्हणाल, बुवा, शेजारच्यांचा मोबाईल घ्यायचा. अहो, त्या वाडीत राहिलेत कोण? सगळी सत्तरीची पोरं! ज्यांच्याकडे मोठे फोन, ते मुंबईला. वाडीत सगळे बटणांचे फोन, आणि त्यांच्या चार्जरची पिन बारीक. मथुताईनं चार घरचे चार्जर आणून बघितले, एकही टॅबच्या तोंडात जाईना. तिचा स्वतःचाही फोन बटणांचाच, आणि त्याला रेंज यायची ती घरामागच्या चढावर, फणसाखाली. घरात रेंज नाही. घरात फक्त विनूनं बसवलेलं ते इंटरनेटचं डबडं, आणि ते ओळखतं टॅबला. शिवाय, नुसत्या आवाजावर बारसं कसलं हो? तिनं भाचीचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं अजून!

तिची झोप उडाली. जेवण जाईना. आणि अशा वेळी, मंडळी, अशाच वेळी, शेजारधर्म धावून येतो.

शेजारी एक गृहस्थ होते. त्यांचं नाव मी घेणार नाही. कीर्तनात निंदा करू नये असा शिरस्ता आहे. नाव न घेता केली तर चालते! धंदा काय करायचे? बोलायचा. बोलण्यावर पोट होतं बिचाऱ्यांचं. पण एक विद्या त्यांना खरी येत होती. नारळ! नुसता कानाशी धरून हलवायचे आणि सांगायचे — यात पाणी किती, खोबरं कोवळं की जून, खवट निघणार की गोड. एकदा तर झाडावरच्या नारळाकडे खालून बघूनच म्हणाले, "याची चटणी चांगली होईल, पण मिरची कमी घाला!"

काय म्हणता? तुम्हाला कसं माहीत, बुवा? ऐकीव हो! मी त्या वेळी इथे कुठे? मी गोकर्णाला होतो. महिनाभर. हे सगळं मागाहून कानावर आलं.

तर ते गृहस्थ म्हणाले, "मथू, रडतेस काय! उद्या तालुक्याला जाऊ. मी येतो बरोबर. मला वस्तू कळते."

ती म्हणाली, "अहो, पण मला भीती वाटते. सुशीच्या दिराकडे चार्जर पेटला, गादी जळाली."

"मी असताना?"

बघा! या दोन शब्दांत जगातली किती घरं बुडालीत!

तालुक्याला एसटी स्टँडासमोर शकूरचं दुकान. मोबाईलची कव्हरं, काचा, वायरी, सगळं टांगलेलं, जसं काही देवाला तोरण. मथुताईनं फडक्यातून टॅब काढला. फणा काढलेल्या नागाला धरावं तसा दोन हातांनी!

शकूरनं टॅब उलटा केला, मागचं बारीक अक्षर वाचलं. म्हणाला, "काकी, बसा. पाणी घ्या. कंपनीचा ओरिजिनल आहे, पण तो तुम्हाला महाग पडेल, आणि तेवढ्याची गरज पण नाही. हा मधला बघा. तुमच्या टॅबला जेवढी ताकद लागते, बरोबर तेवढी. सरकारी शिक्का आहे, पावती देतो, बिघडला तर मी इथेच बसलोय."

मथुताईच्या जीवात जीव आला. पिशवीत हात घातला —

"थांब!" गृहस्थ म्हणाले. "पारखल्याशिवाय?"

उचलला चार्जर. उलट्या बोटानं वर टिचकी मारली. टक्! मग कानाशी धरला, डोळे मिटले, आणि हलवला. चूप! पुन्हा हलवला. चूप! चेहरा पाडून म्हणाले, "मथू, हा मेला. आत काही नाही."

शकूरनं तो चार्जर त्यांच्या हातातून घेऊन परत खोक्यात ठेवला.

दुकानाच्या दाराशी एक टोपली होती. रस्त्यावरच्या फेरीवाल्यानं टाकून ठेवलेला माल, काही घ्या, स्वस्त. गृहस्थांनी त्यातला एक उचलला. पिसासारखा हलका! कानाशी धरला, हलवला, आणि काय सांगू, मंडळी! खुळ् खुळ् खुळ्!

"ऐक! ऐक, मथू! भरलेला आहे! याला म्हणतात ऐवज!"

शकूरनं कपाळाला हात लावला. "काका, चार्जर वाजतो म्हणजे आतल्या वायरीचा टाका सुटलाय. तो नका नेऊ. मी तर तो विकतच नाही, बाहेरच्याचा आहे."

"तू आयुष्यात नारळ किती सोललेस रे?"

"मी? एकपण नाही, काका. बायको सोलते."

"मग!"

संपला वाद! आता मथुताईची अवस्था बघा. तिला शकूरचं पटत होतं, मनात कुठेतरी. पण गृहस्थ शेजारचे, वडीलधारे, आणि नारळाच्या बाबतीत आजवर कधी चुकलेले नाहीत. तिनंही जन्मभर नारळ हलवूनच घेतलेले. आवाज म्हणजे चांगलं हे तिच्याही हाडात मुरलेलं. आणि तो होताही स्वस्त, मधल्याच्या पाव किमतीत. शकूरला म्हणाली, "राग नको मानू हो, बाळा." आणि खुळखुळणारा घेऊन घरी आली. एसटीत वाटभर पिशवी मांडीवर. खड्डा आला की पिशवीतून — खुळ्! गृहस्थ अभिमानानं इकडे तिकडे बघत होते!

वाजवा हो गुंडोपंत, जरा दोन सूर द्या —

*आवाजाला भुलला प्राणी, आतला टाका पाहिला ना कोणी!*

पुरे, पुरे. लोकांना बारशाला जायचंय!

बारशाची सकाळ. आपली सकाळ, तिकडे तिन्हीसांजा. मथुताई नऊवारी नेसली. ओटीवर पाट, पाटावर टॅब, पुढे समई, घुगऱ्यांचं पातेलं. वाडीतल्या चार म्हाताऱ्या धपाटे घालायला हात चोळून तयार! चार्जर भिंतीत घातला. टॅबवर विजेचं चिन्ह उमटलं. "आलं! आलं!" गृहस्थ असे मिशीवर हात फिरवायला लागले, जसं काही वीज त्यांनीच पाडली!

पण मथुताईचं लक्ष चार्जरकडे. गुंऽऽ करायला लागला. मग तापला. ती सुपानं वारा घालायला लागली. सूप थांबवलं की गरम, घातलं की कोमट. आणि कोपऱ्यातली रेघ? इतकी हळू वाढत होती, की मुंगीला दया यावी! एक नजर घड्याळावर, एक रेघेवर, एक चार्जरवर. माणसाला डोळे दोनच दिलेत देवानं, तिनं तीन ठिकाणी लावले!

आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका. चार्जर इतका तापला, की गृहस्थांनी ताटातला पोह्याचा पापड उचलून त्यावर धरला आणि भाजून खाल्ला! — हसा! मी सांगितलंच होतं, विश्वास बसणार नाही म्हणून!

कॉल लागला. पडद्यावर विनू, वहिनी, पाळणा. आणि पाळण्यात... मथुताईनं पहिल्यांदा बघितलं. इवलंसं तोंड, मूठ गालाशी. विनू म्हणाला, "ताई, मुहूर्त होत आलाय. घे." त्यानं आपल्याकडचा पडदा बाळाच्या कानाशी नेला. मथुताई वाकली. पदर कानाशी धरला. "कुर्रर्र —"

धप्प! धप्प! म्हाताऱ्यांनी धपाटे घातले. आणि कॉल कट!

कुणी हात लावला नव्हता हो! तो टॅब आपल्या आपणच चालायला लागला. कुणी अदृश्य बोटांनी दाबावं तसं, इथे टक्, तिथे टक्. घड्याळ उघडलं, मिटलं. फोटो उघडले. आरती सुरू झाली, तीही मधूनच. पुन्हा कसाबसा कॉल लावला. विनू दिसला. "ताई, काय झालं?" मथुताई वाकली, "कुर्रर्र —", धप्प! धप्प! आणि पडद्यावर मथुताईच्या डोक्याला सशाचे कान फुटले! तिकडे वहिनी किंचाळली. पुन्हा कट! पुन्हा कॉल. आवाज बंद. ओठ हलताहेत, ऐकू काही नाही. म्हाताऱ्या मात्र इमानदार! आत्या वाकली की धपाटा! नाव एकदाही पोचलं नाही, पाठ मात्र दर वेळी!

"अगं बायांनो, थांबा!" मथुताई रडकुंडीला आली. "अहो, याला झालंय काय?"

गृहस्थ म्हणाले, "बाधा दिसते. आण इकडे, हलवून बघतो."

"हलवायचं नाही!"

मंडळी, त्या घरात मथुताईचा आवाज पहिल्यांदा चढला. समईची वातसुद्धा थरथरली.

तिनं टॅबकडे बघितलं. मग चार्जरकडे. आणि तिच्या ध्यानात आलं, की हा सगळा धिंगाणा कधी सुरू झाला? तो गुंऽऽ सुरू झाला तेव्हा. चार्जर काढला तर टॅब शहाणा होईल. पण मग उरणार तेवढी लाल रेघ. एवढ्याशा रेघेत पोरीचं नाव मावेल का? चार्जर ठेवला तर टॅब ऐकत नाही, काढला तर टॅब जगत नाही! सांगा, काय केलं असतंत? आणि मुहूर्त निघून चाललाय, आणि पलीकडे विनू हाका मारतोय. ज्याला तिनं हात धरून चालायला शिकवलं, त्याला आज ती दिसतेय आणि नाही.

मथुताईनं देवाकडे बघितलं. नवस नाही बोलली. "बघ बाबा" एवढंच म्हणाली. आणि चार्जर उपटला.

टॅब शांत झाला. एकदम. कॉल लावला, लागला. विनू काही विचारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बोलू नकोस! कानाशी धर!" वाकली. म्हाताऱ्यांचे हात वर. "कुर्रर्र..." आणि नाव सांगितलं. हळू. धप्प!

पडदा काळा.

गेलं की नाही गेलं? कोण सांगणार? टॅब मेला, घरात रेंज नाही. मथुताई तशीच उठली. नऊवारी, अनवाणी, हातात बटणांचा फोन, धावत मागच्या चढावर, फणसाखाली. उभी राहिली. फोन हातात घट्ट. वारा थांबलेला. खाली वाडीतून कुणी विचारी, "आला का गं?" ती मान हलवी, नाही. ज्या नावासाठी रात्र रात्र जागली, ते वाटेत कुठेतरी समुद्रात पडलं असेल का? दुसरं कुणी नाव ठेवून मोकळं होईल का? आत्या असून ती...

फोन वाजला!

"ताई!" विनू होता. रडत होता की हसत होता, कळेना. "ताई, आम्हाला कुणाला काही ऐकूच आलं नाही. पडदा तिच्या कानाशी होता. पण ती झोपलेली पोर टक्क डोळे उघडून बघायला लागली! तिनं ऐकलं, ताई. आम्हाला सांग ना आता, काय ठेवलंस?"

मथुताई फणसाच्या मुळावर बसली. आणि मग म्हणाली, "रेवा."

मंडळी, जसं सांगितलं होतं तसंच झालं. पहिल्यांदा तिच्या कानात, मग त्यांच्या!

दुसऱ्या दिवशी मथुताई तालुक्याला गेली. एकटी! शकूरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाळा, मला यातलं काही कळत नाही. तू दे." त्यानं तो मधला, न वाजणारा दिला. तो स्वस्तच होता हो! सगळ्यात स्वस्त नव्हता, एवढंच. शकूर म्हणाला, "काकी, तो खुळखुळ्या वीज नीट गाळून देत नव्हता. पडद्याला वाटत होतं, बोटंच लागतायत." ती म्हणाली, "गृहस्थांना बाधा वाटली." शकूर म्हणाला, "बाधा होती, काकी. पण टॅबला नव्हती."

आता सांगा, मथुताई कशानं फसली? चार्जरचं कळत नव्हतं म्हणून? छे! कळत नव्हतं तोवर ती शकूरचं ऐकत होती, पिशवीत हात गेला होता. तिला बुडवलं ते नारळाच्या विद्येनं! नारळापुरती ती विद्या खरीच हो. पण आपण काय करतो? एक गोष्ट चांगली आली, की तीच घेऊन जगभर फिरतो. मुलीला स्थळ बघायला गेलो, की मुलगा बोलतोय किती ते बघतो. खुळ् खुळ् खुळ्! वा, ऐवज आहे! जो गप्प बसलाय, काम करतोय, तो मेला! पुढाऱ्याला हलवून बघतो, डॉक्टरला हलवून बघतो — जो जास्त वाजेल तो मोठा! अहो, या देवालासुद्धा सोडत नाही! नवस बोलतो, म्हणजे काय करतो? कानाशी धरून हलवतो. आवाज आला तर देव, नाहीतर दुसरं देऊळ!

तेव्हा त्या गृहस्थांना हसू नका. त्यांचं नाव विचारू नका. ते कोंडसुऱ्यात राहिलेले नाहीत. नीट बघा — ते गृहस्थ इथे, या सभामंडपात, तुमच्यातच बसलेत!

... काय? कोण बोललं? खांबापाशी कोण आहे? मोठ्यानं बोला, बाई, ऐकू येत नाही.

"बसलेत कुठे? उभे आहेत!"

... अरे देवा. मथू? तू कधी आलीस?

"आरतीच्या आधीच आले. म्हणे गोकर्णाला होते! गोकर्ण काय माझ्या ओटीवर आहे? पापडाचं तेवढं खरं सांगितलंत, अख्खा खाल्लात, अर्धासुद्धा दिला नाहीत. आणि हे बघा, देवळाच्या इंटरनेटवर टॅब चालू आहे. विनू, वहिनी, सगळे ऐकतायत. रेवा आता बोलायला लागलीय, विचारतेय, ते उपरणंवाले आजोबा खाली कधी येणार? ठेवा ते पायरीवर, आणि या. इथे माझ्या शेजारी जागा केलीय."